सॉफ्ट क्लोज

"मॅडम, तुमचं कुकिंग लाइट की हेवी?"

किचन डिझायनरचा हा पहिला प्रश्न. मुलगी हुशार होती, हातात टॅबलेट होता, आणि 'वरण' म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर तिच्या आईचा चेहरा येत असावा असं तिचं वय होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने पंख्याकडे बघितलं. आमच्या डोंबिवलीच्या घरात सकाळी सहाला दोन डबे, आईंची बिनतिखटाची भाजी, मुलाचं "आज काहीतरी वेगळं कर ना", रविवारी मासे, संकष्टीला मोदक आणि दिवाळीच्या आधी आठवडाभर तळणाचा धूर. याला लाइट म्हणायचं की हेवी?

"मीडियम," नवरा म्हणाला. शर्टाचा साइझ सांगावा तसा.

तिने 'मीडियम'वर टिक केली आणि आमच्या पुढच्या आयुष्याचा निकाल लागला.

मग थ्री-डी चित्र आलं. चित्र इतकं देखणं, की ज्या बाईचं ते स्वयंपाकघर होतं तिचा मला हेवाच वाटला. पांढरेशुभ्र चकचकीत शटर, ओट्यावर एका वाडग्यात हिरवी सफरचंदं, शेजारी उंच काचेच्या बरणीत कोरडा पास्ता, कोपऱ्यात कुंडीत बेसिल. अख्ख्या ओट्यावर एवढंच. कुकर नाही, चहाचं गाळणं नाही, ओलं फडकं नाही, भिजत घातलेला साबुदाणा नाही, विरजण लावलेलं पातेलं नाही, अर्धा कापलेला आणि उरलेला अर्धा 'संध्याकाळी लागेल' म्हणून पालथा घातलेला कांदा नाही.

"ही सफरचंदं कुणाची?" आईंनी विचारलं.

"तो डेकोर आहे, आजी."

"मग खायची कधी?"

डिझायनरने ही सूचना गांभीर्याने घेतली असावी, कारण पुढच्या चित्रात सफरचंदांच्या जागी लिंबं आली.

मग तिने आम्हाला 'वर्क ट्रँगल' समजावला. गॅस, सिंक आणि फ्रीज हे तीन बिंदू जोडले की त्रिकोण होतो आणि त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांत बसायला हवी. हा हिशेब १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मांडला गेला. आमचं स्वयंपाकघर सात बाय आठ. गॅसपासून सिंक एका गिरकीवर, सिंकपासून गॅस त्याच गिरकीच्या परतीवर. तेरा फूट भरवायचे तर भिंतीवर चालावं लागलं असतं. पण आमचा फ्रीज जागेअभावी पहिल्यापासून पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराशेजारी उभा आहे. तो धरल्यावर बेरीज चौदा आली.

"परफेक्ट!" डिझायनर म्हणाली.

इतकी वर्षं मी जिला गैरसोय म्हणत होते ती इलिनॉय विद्यापीठाला मान्य होती, हे कळून बरं वाटलं.

या विषयात मी थोडं वाचनही केलं. घर दुरुस्तीला काढलं की माणूस वाचतो. पैसे जाणारच असतात, निदान ज्ञान तरी यावं. आजच्या मॉड्यूलर किचनची आजी १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये जन्मली. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी ती आखली. १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे साधारण सव्वासहा बाय अकरा फूट. गृहिणीची पावलं आणि हालचाली घड्याळ लावून मोजलेल्या. पिठासाठी ओकच्या लाकडाचे खण, म्हणजे अळ्या होऊ नयेत. बाकीच्या वाणसामानासाठी नावं घातलेले ॲल्युमिनियमचे छोटे खण. रंग निळसर हिरवा, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानत. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली आणि त्यांतलं एक आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. जगप्रसिद्ध 'छोटं' स्वयंपाकघर! त्यात आमचं अख्खं मावून वर फ्रीजही आत आला असता. आणि या बाईंनी स्वतःच पुढे सांगून टाकलं होतं, की हे सगळं आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता.

हे वाचल्यावर आमच्या डिझायनरविषयी माझं मत एकदम सुधारलं. त्या बाई १०२ वर्षं जगल्या, त्याचाही उलगडा झाला.

पुढचा प्रश्न ओट्याच्या उंचीचा. नियम असा, की ओटा उभ्या माणसाच्या कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा. नियम चांगला आहे, फक्त कोपर कुणाचं ते त्यात लिहिलेलं नाही. आई चार फूट दहा इंच. मी पाच फूट तीन. पोळ्यांच्या मावशी आमच्या दोघींच्या मध्ये कुठेतरी. मिस्त्री म्हणाला, "भाभी, नॉर्मल बत्तीस-चौंतीस होता है." पण डिझायनरला नॉर्मल नको होतं, कस्टमाइझ्ड हवं होतं. ती माप घ्यायला आली तेव्हा मी बँकेत, आई देवळात, मावशी पुढच्या घरी. घरात एकटा नवरा, वर्क फ्रॉम होम करत. पाच फूट अकरा इंच. तिने त्याला भिंतीला टेकवून उभं केलं आणि त्याचं कोपर मोजलं. या कोपराने लग्नानंतर चहाखेरीज काही केलेलं नाही. पण तो म्हणतो, "ती म्हणाली, 'सर, रिलॅक्स,' म्हणून मी उभा राहिलो."

ओटा साडेसदतीस इंचांवर झाला.

आता मावशी पोळ्या लाटतात तेव्हा त्यांचे खांदे कानांना लागतात. त्यांनी दोन दिवस वाट बघितली आणि मग माळ्यावरचा जेवणाचा पाट काढून घेतला. त्यावर उभ्या राहून त्या लाटतात, भाजायला खाली उतरतात, पुन्हा चढतात. "ताई, व्यायामाचे वेगळे पैसे घेत नाही," असंही म्हणाल्या. आई ओट्याशी उभ्या राहिल्या की हॉलमधून फक्त अंबाडा दिसतो. "आम्ही बसून स्वयंपाक करत होतो तेव्हा कुणाची कोपरं मोजावी लागत नव्हती," त्या म्हणाल्या. यावर डिझायनरकडे उत्तर नव्हतं, इलिनॉयकडेही नसावं. नवरा मात्र रविवारी सकाळी चहा करतो आणि दर रविवारी न चुकता सांगतो, "पाठ अजिबात दुखत नाही बघ."

वास्तुशास्त्राचं लवकर आटपलं. गॅस आग्नेयेला हवा, म्हणून नवऱ्याचे काका मोबाइलवर होकायंत्र घेऊन आले. मग सगळ्यांनीच आपापले मोबाइल काढले. लोखंडी कपाटं, ग्रिल आणि मिक्सरच्या मध्ये उभं राहून चार मोबाइलांनी चार आग्नेय दाखवल्या, त्यांतली एक बाथरूममध्ये होती. काका विचारात पडले. शेवटी मिस्त्रीने विषय मिटवला. "गॅस का पाइप यहाँ आया है, तो आग्नेय यहाँ."

मग तोडफोड. सोसायटीचं पत्र, ठोकाठोकीच्या वेळा, रॅबिटची पोती लिफ्टमधून न्यायची की जिन्याने यावर सेक्रेटरींशी चर्चा, हे सगळीकडे सारखंच असतं. स्वयंपाक हॉलमध्ये इंडक्शनवर, भांडी बाथरूममध्ये, मीठ कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. मिस्त्रीचं काम रोज 'दो दिन' उरलेलं असायचं. या काळात नवऱ्याने प्लायवूडचा अभ्यास केला. ओल्या जागेला मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का, उकळत्या पाण्यातही सुटणार नाही असा. हे 'उकळत्या पाण्यात' त्याने मनावर घेतलं. एका रविवारी आम्ही भुकेले बसलो होतो आणि हॉलमधल्या एकमेव इंडक्शनवर, माझ्या वरणाच्या पातेल्यात, प्लायचा एक तुकडा शिजत होता.

"झालं का?" आई मधून मधून विचारत होत्या.

"अजून घट्टच आहे," तो अभिमानाने सांगत होता.

प्लायला काहीही झालं नाही. पातेलं टाकावं लागलं.

ओपन किचनचा आग्रह माझा. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडली की घर मोठं दिसतं, उजेड येतो आणि स्वयंपाक करणारी बाई एकटी पडत नाही, असं ऐकलं होतं. भिंत पडली. घर मोठं दिसू लागलं. मी एकटी पडायची तर राहिलेच, उलट आता ओट्याशी उभी असताना हॉलमधल्या पाहुण्यांच्या "तुम्ही पण बसा ना!" ला दर पाच मिनिटांनी उत्तर द्यावं लागतं. सिंकमधली भांडी आल्यागेल्याला दिसतात, म्हणून ती आधी घासून मग दार उघडावं लागतं. बेल वाजली की घरात धावपळ होते. कुरिअरवाल्याला वाटतं आम्ही काहीतरी लपवतोय.

आणि वास. सुकट भाजण्याचा वास भिंतीच्या काळात स्वयंपाकघरात जन्मायचा आणि तिथेच मरायचा. आता तो सोफ्यावर बसतो, पडद्यांना धरतो, सोमवारी माझ्या साडीबरोबर लोकलने बँकेत येतो. महिला डब्यात शेजारची बाई हसून म्हणाली, "काल सुकट वाटतं?" तिलाही भूक लागली असावी.

शेवटी आम्ही हॉल आणि किचन यांच्यामध्ये काचेचा सरकता दरवाजा बसवला. तो भिंतीपेक्षा महाग पडला. भिंत पाडण्याचे पैसे वेगळे. पण भिंतीतून आरपार दिसत नव्हतं, हा फायदा काचेला नाही, म्हणून आता तिला फिल्म लावायची म्हणतोय. दुधी रंगाची.

ओट्याच्या दगडावर घरात दोन पक्ष पडले. जुना कडाप्पा काळा, खडबडीत आणि अत्यंत समंजस होता. त्याच्यावर काय सांडलं ते तो कुणाला सांगत नसे. संगमरवर मिस्त्रीनेच बाद केला. लिंबू सांडलं तरी त्याची चमक जाऊन डाग कोरला जातो. काळा ग्रॅनाइट सगळ्यांकडे असतो, म्हणून तो मी बाद केला. राहिला पांढरा क्वार्ट्झ. तो दगडाची भुकटी रेझिनमध्ये बांधून करतात. बसवून झाल्यावर कंपनीच्या माणसाने सूचना दिल्या.

"मॅडम, यावर गरम कढई डायरेक्ट ठेवायची नाही."

"बरं."

"हळद पडली तर लगेच पुसायची."

"बरं."

"सुरी डायरेक्ट चालवायची नाही."

"मग ओट्यावर करायचं काय?"

तो विचार करून म्हणाला, "मॅडम, लूक खूप रिच येतो."

लूक रिच आहेच. पहिल्या आठवड्यातच पोह्यांच्या फोडणीतला हळदीचा एक थेंब कुणाच्या नजरेतून सुटला आणि गॅसच्या उजव्या हाताला एक पिवळा ठिपका कायमचा राहायला आला. सोडा, लिंबू, ऊन, सगळं झालं. हल्ली त्याच्यावर मिठाची बरणी असते. पाहुण्यांसमोर मीठ लागलं तर मी बरणी न उचलता झाकण काढून चमच्याने घेते.

ट्रॉल्यांविषयी मात्र मी जपून बोलते, कारण त्यांचा खर्च सर्वांत मोठा आहे. आमच्याकडे बाटल्यांचा अरुंद पुल-आउट आहे, ज्यात तेलाचा पाच लिटरचा कॅन जात नाही. ताटं उभी ठेवायची बास्केट आहे. त्यात सपाट प्लेटा बसतात, काठाची ताटं नाहीत. आता आम्ही घरच्या माणसांना प्लेटमध्ये आमटी वाढतो. कोपऱ्यात मॅजिक कॉर्नर आहे. दार ओढलं की आतले कप्पे वळसा घेऊन आपोआप बाहेर येतात. मुलाने याचे व्हिडिओ काढून मित्रांना पाठवले. तिथे ठेवलेलं मोदकपात्र वळसा घेताना मागे पडलं आणि कप्पे ना बाहेर ना आत अशा अवस्थेत अडकले. गणपतीत मोदक इडलीपात्रात केले. आकाराविषयी कुणी काही बोललं नाही, आम्ही सुसंस्कृत माणसं.

पण खरा संघर्ष परातीशी. जगातल्या कुठल्याही मॉड्यूलर किचनमध्ये परातीला जागा नाही. ड्रॉवरमध्ये ती आडवी मावत नाही, बास्केटमध्ये उभी राहत नाही, सिंकच्या दोन कप्प्यांपैकी एकातही बुडत नाही. डिझायनरला मी थ्री-डीच्या वेळी म्हटलं होतं, "परात कुठे?" तिने गोल्डन रंगाचा एक मोठा बाऊल काढून दाखवला. शेवटी परात गॅलरीतल्या खिळ्याला टांगली. विळीचंही तसंच. विळी बसून वापरायची आणि बसायला या स्वयंपाकघरात जमीनच उरलेली नाही, सगळीकडे खालपर्यंत ड्रॉवर. आई हॉलमध्ये टीव्हीसमोर विळी मांडतात आणि मालिकेतल्या सुनेवर नजर ठेवून भेंडी चिरतात. म्हणजे आमचा खरा वर्क ट्रँगल टीव्ही, विळी आणि गॅस असा आहे. त्याची बेरीज बहुधा सव्वीसच्या आत येते.

दोन कप्प्यांच्या सिंकची शिफारस माझ्या ठाण्याच्या नणंदेची. काम सुरू करण्याआधी आम्ही तिचं किचन मुद्दाम बघून आलो होतो. तिने चिमणी चालू करून दाखवली, ड्रॉवर ढकलून दाखवले, सिंकच्या एका कप्प्यात कप आणि दुसऱ्यात चमचा ठेवून दाखवला. मी खोदून विचारलं, "अगं, काही चुकलं असं वाटतं का? आम्हाला सांग, म्हणजे आम्ही टाळू."

"छे गं वहिनी! काहीच नाही. सवय होते."

त्या वेळी तिची परात दिसली नव्हती. अलीकडे एकदा अचानक तिच्याकडे गेले, तेव्हा ती बेडरूममध्ये कपाटाच्या मागे होती.

आता सॉफ्ट क्लोज. ही गोष्ट बनवणाऱ्याला मराठी संसाराची कल्पना नव्हती, एवढंच म्हणते. ड्रॉवर कितीही जोरात ढकला, तो शेवटच्या दोन इंचांत थबकतो, विचार करतो आणि आवाज न करता मिटतो. दुकानात हे बघून मी हरखले होते. पण घरातला अर्धा पत्रव्यवहार आवाजाने चालतो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात येतं? जुन्या स्वयंपाकघरात मी नवऱ्यावर चिडले तर एक शब्द बोलावा लागत नसे. स्टीलच्या ताटाळ्यात ताट जरा वरून सोडलं, की तो हॉलमध्ये पेपर खाली ठेवायचा. दुसरं सोडलं की विचारायचा, "काय झालं?" फडताळाचं दार आपटलं की स्वतःहून भाजी आणायला जायचा. ही भाषा आईंची, त्यांच्या आईंची. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली.

परवा तो माझ्या भाचीच्या साखरपुड्याची तारीख विसरून ऑफिसच्या लोकांबरोबर अलिबागला जायचं ठरवून आला. मी काही बोलले नाही. आत जाऊन चमच्यांचा ड्रॉवर सगळा जोर लावून ढकलला. तो थबकला, विचार केला आणि मिटला. मी दुसरा ढकलला. मिटला. मोठा कढयांचा ड्रॉवर दोन्ही हातांनी लोटला. तो तर आणखीच हळुवार. वजनदार वस्तूंसाठी त्याचं चॅनेल खास मजबूत आहे. वरच्या शटरला हात घातला, तर ते हायड्रॉलिक, तरंगत तरंगत खाली आलं. घरात संपूर्ण शांतता. तेवढ्यात नवरा काचेचा दरवाजा सरकवून आत डोकावला आणि कौतुकाने म्हणाला, "बघ, किती स्मूद आहे नाही? पैसे वसूल."

शेवटी मला तोंडाने बोलावं लागलं. ते आवाजापेक्षा जास्त लागतं, असा त्याचा अनुभव आहे.

आवाजाचा सगळा कोटा चिमणीने घेतला आहे. ताशी बाराशे घनमीटर हवा ओढते, असं तिच्या खोक्यावर आहे. आमच्या स्वयंपाकघरातली हवा तासाला किती वेळा बदलली जाते याचा हिशेब मुलाने करून दिला, सत्तरच्या पुढे आला. एवढी ताजी हवा आम्ही महाबळेश्वरलाही घेतलेली नाही. पण ती चालू असताना कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. आमच्याकडे तुरीच्या डाळीला तीन, राजम्याला सहा, हे पंचांगाइतकं पक्कं. चिमणी आल्यापासून हिशेब बुडाला.

"किती झाल्या?"

"दोन."

"मी तर चार ऐकल्या."

"त्या शेजारच्यांच्या."

वरण कधी डाळीच्या दाण्यांसकट येतं, कधी पिण्याजोगं. म्हणून कुकर लावला की चिमणी बंद. फोन आला की बंद. आईंची मालिका लागली की बंद. फोडणी घालताना मात्र आठवणीने चालू करायची असते, पण हातात तेव्हा मोहरी असते, आणि चिमणीचं बटण टचचं आहे, ओल्या बोटाला ओळखत नाही. फोडणी होऊन जाते. धूर खिडकीतून जातो. खिडकी पूर्वीही होती.

आता ज्यावर आमचं सगळ्यांचं खरं प्रेम आहे त्या गोष्टी सांगते, त्यांना वेळ लागणार नाही, कारण त्यांना पैसे लागलेले नाहीत. इलेक्ट्रिशियनने जाता जाता "एक पॉइंट एक्स्ट्रा मार दूँ?" म्हणत ओट्याच्या डाव्या टोकाला प्लग बसवला. आता मिक्सर लावायला टोस्टर काढावा लागत नाही. घरातली निम्मी भांडणं त्या प्लगने मिटवली. सिंकच्या काठाला मिस्त्रीने दगडाची बारीक पट्टी उभी केली, त्यामुळे भांडी घासताना पोटावर पाणी येत नाही. आणि कडाप्पा. तोडलेल्या जुन्या ओट्याचा एक चांगला चार फुटी तुकडा उरला होता. रॅबिटबरोबर तो जायचा, पण मिस्त्रीला टाकवेना. "भाभी, अच्छा माल है," म्हणत त्याने तो ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी दोन विटांच्या खांबांवर ठेवून दिला. माप न घेता. उंची आली तीस इंच.

हळूहळू सगळे तिकडे सरकले. आधी मासे, कारण क्वार्ट्झवर ते कोण साफ करणार? मग गरम कढया. मग पुरणयंत्र, खलबत्ता, नारळ फोडणं. एके दिवशी मावशी पोळपाट घेऊन तिकडेच गेल्या, पाटाशिवाय. आईंनी आपली जुनी शेगडी माळ्यावरून काढायला लावली आणि तिथे दूध तापवतात. उतू गेलं तर जातं. परातीचा खिळा तिथून हाताच्या अंतरावर आहे. मीही सकाळचा पहिला चहा तिथेच करते, कबुतरांच्या शेजारी. आतलं किचन त्यामुळे अगदी थ्री-डीतल्यासारखं स्वच्छ राहतं. लिंबांचा वाडगाही ठेवलाय.

गेल्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. हातात वही, मेजर टेप आणि मागे नवरा, त्याच्या हातात मोबाइल. मी मिठाची बरणी जागेवर आहे ना ते बघून घेतलं आणि चिमणी लावली. ड्रॉवर ढकलून दाखवले. दोघांच्या तोंडून एकदम "वा!" निघालं. मॅजिक कॉर्नर मी बाहेरूनच दाखवला. नवऱ्याने ओट्याशी उभं राहून कोपर टेकवून दाखवलं आणि पाठदुखीवर दोन शब्द बोलला.

"खरं सांगा हं," वहिनी वही उघडून म्हणाल्या, "काही चुकलं असं वाटतं का?"

आईंनी तोंड उघडलं. मी घाईघाईने त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"छे हो! तुम्ही डोळे मिटून हेच करा. पांढराच घ्या. उजेड येतो."

त्या लिहून घेत होत्या. तेवढ्यात बाल्कनीतून मावशींच्या लाटण्याचा आवाज आला. वहिनींनी मान वाकडी करून तिकडे बघितलं.

"अगंबाई, ते काय आहे तिकडे?"

"ते काही नाही, भंगार आहे," मी काचेचा दरवाजा सरकवत म्हटलं. "तुम्ही इकडे या, चिमणीचा ऑटो-क्लीन बघा."